पिकअपला मोठे टायर बसवताय? आधी हा हिसाब मांडा

आपल्यातील अनेक घरांची रोजी आज एका पिकअपवर चालते. रत्नागिरी-दापोलीकडून वाशीच्या मार्केटला आंबा नेणारे आहेत, मालेगाव-भिवंडीत कापडाच्या गाठी वाहणारे आहेत, चिकन, भाजी, भंगार, मंडपाचं सामान असा कुठलाही धंदा घ्या, दारात एक पिकअप उभी असतेच. ती बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेली असते. घरातला मोठा मुलगा किंवा धाकटा भाऊ ती चालवतो. आणि गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत एक विषय घरात हमखास निघतो, "हिला जरा मोठे टायर टाकूया का?"

हा प्रश्न आमच्याकडेही अनेकांनी विचारला. कोणाला वाडीतल्या कच्च्या रस्त्यावर गाडी खाली घासते म्हणून टायर मोठे हवेत. कोणाला वाटतं की मोठ्या टायरवर माल जास्त बसेल. आणि तरुण मुलांना, खरं सांगायचं तर, गाडी रुबाबदार दिसायला हवी असते. या तिन्ही कारणांचं उत्तर एक नाही. म्हणून मोठ्या टायरने नेमकं काय बदलतं, काय बदलत नाही आणि पैसे टाकण्याआधी काय तपासावं, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत. थोडं गणित आहे, पण ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं आहे.

टायरवरचा नंबर काय सांगतो?

महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या अनेक मॉडेलांना २१५/७५ आर १५ साइजचे टायर येतात. आपण तोच नंबर उदाहरणाला घेऊ.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे. 'आर' म्हणजे टायर रेडियल बांधणीचा आहे. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

आता टायरची पूर्ण उंची काढू. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी. ही भिंत रिमच्या वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट केली, ३२२ मिमी झाले. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. दोन्हींची बेरीज साधारण ७०३ मिमी. म्हणजे हे चाक जमिनीपासून वरपर्यंत सुमारे सत्तर सेंटिमीटर उंच आहे.

हाच हिसाब दुसऱ्या साइजना लावा. २२५/७५ आर १५ ची उंची ७१८ मिमी येते, म्हणजे मूळ टायरपेक्षा दोन टक्के जास्त. २३५/७५ आर १५ ची येते ७३३ मिमी, सव्वाचार टक्के जास्त. आणि जीपवाले शौकीन लोक ज्याला '३१ इंची' म्हणतात तो ३१ बाय १०.५ आर १५ हा टायर ७८७ मिमी भरतो, जवळजवळ बारा टक्के जास्त.

काही पिकअपना ७.०० आर १५ असा जुन्या पद्धतीचा नंबर असतो. त्यात ७.०० ही रुंदी इंचात असते आणि भिंत साधारण रुंदीइतकीच उंच असते. त्यामुळे नंबर बारीक दिसला तरी हा टायर २१५/७५ पेक्षा उंच असतो. दुकानात नुसत्या नंबरावरून लहान-मोठं ठरवू नका, कंपनीच्या तक्त्यात टायरचा व्यास विचारा.

गाडी किती उचलली जाते?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. टायर ३० मिमीने उंच झाला तर गाडी ३० मिमी वर जात नाही. एक्सल चाकाच्या मधोमध असतो, म्हणून गाडी वाढलेल्या उंचीच्या निम्मीच वर जाते. २२५/७५ टाकला तर साडेसात मिमी. २३५/७५ टाकला तर १५ मिमी, म्हणजे एका बोटाची जाडी. '३१ इंची' टाकला तरच ४२ मिमी, म्हणजे तीन बोटं.

एक गोष्ट मात्र मोठ्या टायरच्या बाजूने सांगायला हवी. पिकअपच्या मागच्या एक्सलवर मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, हाच सगळ्यात खाली लोंबणारा भाग असतो. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी कितीही उचला, चेसिस वर जाईल पण गोळा जागचा हलणार नाही. कारण तो चाकांच्या मधल्या एक्सलमध्येच बसवलेला आहे. गोळ्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरने वाढते. त्यामुळे जांभ्या दगडाच्या, मध्ये उंचवटा आलेल्या बागेच्या वाटेवर ज्याचा गोळा खरोखर घासतो, त्याची अडचण खरी आहे. ती एका बोटाने सुटते का, हे आधी पट्टी लावून मोजलं पाहिजे.

सगळ्यात मोठा गैरसमज: मोठा टायर, जास्त माल

"टायर जाड टाकले, आता अर्धा टन जास्त टाक," हे वाक्य स्टँडवर सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे आणि यातच जीव जातो.

टायर किती वजन पेलतो हे त्याच्या आकारावरून कळत नाही. त्यासाठी टायरवर वेगळा आकडा छापलेला असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. साइजच्या शेवटी १०५ एस, ११२ आर असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्यातला आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. हा आकडा म्हणजे थेट किलो नव्हे, तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. १०५ म्हणजे ९२५ किलो. १०९ म्हणजे १०३० किलो. ११२ म्हणजे ११२० किलो.

आता उदाहरण घ्या. समजा, तुमची रिकामी गाडी १७०० किलोची आहे आणि माल १३०० किलो भरला. एकूण तीन हजार किलो. माल मागे असतो, त्यामुळे यातले दोन हजार किलो मागच्या एक्सलवर येतात असं धरा. एका मागच्या चाकावर एक हजार किलो आले.

बाजारात २३५/७५ आर १५ साइजचे जे टायर मिळतात, त्यातले बरेचसे एसयूव्ही गाड्यांसाठी बनवलेले असतात. दिसायला दणकट, नक्षी खोल, रुंदीही जास्त. पण त्यावर १०५ लिहिलं असेल, तर तो टायर ९२५ किलोचा आहे. तुमच्या चाकावर हजार आहेत. म्हणजे कायद्याने ठरलेला माल भरूनही प्रत्येक मागचा टायर ७५ किलो जास्त ओझ्याखाली चालला. वळणावर बाहेरच्या चाकावर वजन आणखी सरकतं, खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर ते कितीतरी वाढतं. मे महिन्याचा तापलेला डांबरी रस्ता, त्यात हवा कमी, आणि वाशीला पहाटे पोहोचायची घाई. टायर आतून तापतो, त्याचे थर सुटतात आणि तो फुटतो. मोठा टायर घेऊन गाडी कमकुवत झाली ती अशी.

उलट लहान दिसणारा मालवाहू टायर, ज्यावर 'एलटी' किंवा 'सी' अशी खूण आणि आठ किंवा दहा प्लाय रेटिंग असतं, तो जास्त हवा धरतो आणि जास्त वजन पेलतो. म्हणून टायर घेताना उंची-रुंदी नंतर बघा, लोड इंडेक्स आधी वाचा. मूळ टायरवर जो आकडा आहे त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर पिकअपला कधीच टाकू नका, फुकट मिळाला तरी नाही.

आणि जास्त लोड इंडेक्सचा टायर टाकला म्हणून गाडीचं पासिंग वाढत नाही. गाडीने किती माल न्यायचा हे एक्सल, पाटे, चेसिस, हबची बेअरिंग आणि ब्रेक या सगळ्यांवरून ठरतं. त्यातला एकच भाग दणकट केला तर ओझं पुढच्या कमजोर भागावर जातं.

घाटात काय होतं?

इंजिन चाकाला फिरवण्याचा जो जोर देतं, तो टायर बदलल्याने बदलत नाही. पण चाक मोठं झालं की तोच जोर जमिनीपर्यंत पोहोचताना कमी पडतो. लांब दांड्याच्या टोकाला वजन उचलायला जास्त ताकद लागते, तसंच हे आहे. २३५/७५ टाकला तर गाडीची ओढ चार टक्क्यांनी कमी होते. '३१ इंची' टाकला तर दहा टक्क्यांहून जास्त.

सपाट हायवेवर चार टक्के जाणवणार नाहीत. पण भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना जाणवतात. जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निघत होती तिथे पहिला टाकावा लागतो. चढावर थांबून पुन्हा उठवताना ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून धरतो. क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो तो इथेच. शिवाय मोठा टायर स्वतःही जड असतो, तो फिरवायला आणि थांबवायला दोन्ही वेळा जास्त ताकद खातो.

उतरताना प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रेकची पकड ड्रमवर किंवा डिस्कवर असते आणि ती जागा चाकाच्या आत तेवढीच राहते. चाक मोठं झालं की गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायला पेडलवर जास्त जोर लावावा लागतो, '३१ इंची'ला सुमारे बारा टक्के जास्त. कसारा घाट उतरताना आधीच तापलेले ब्रेक घेऊन हा जास्तीचा जोर कुठून आणायचा? पहिल्या वेळी ब्रेक लागतील, दहाव्या वेळी ते नरम पडायला लागतील.

आणखी एक बाब. ज्या मालवाहू गाड्यांत मागे किती ओझं आहे हे बघून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व असतो, त्या गाड्यांत तो व्हॉल्व पाटे किती दबले यावरून काम करतो. मोठा टायर बसावा म्हणून पाट्यांखाली ठोकळे घातले किंवा जास्तीचे पाटे चढवले, की गाडी भरलेली असूनही त्या व्हॉल्वला ती रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक कमी लागतात. असं काम केलं असेल तर तो व्हॉल्व नव्याने सेट करून घेणं जरुरी आहे. हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

मीटर खोटं बोलू लागतं

गाडीचं मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतं, रस्ता नाही. २१५/७५ चं चाक एका फेरीत सुमारे २.२१ मीटर चालतं. २३५/७५ चं चाक २.३० मीटर. मीटरला हा फरक कळत नाही.

याचे तीन परिणाम होतात. पहिला, मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी खरं तर ८३ ने पळत असते. '३१ इंची' टायर असेल तर जवळपास ९० ने. ८० ची मर्यादा लावलेला स्पीड गव्हर्नरही याच फेऱ्यांवर चालत असेल, तर तोही तितकाच फसतो. कॅमेऱ्याच्या चलनात मात्र खरा वेग छापून येतो.

दुसरा परिणाम पैशांचा. मीटरवर ३०० किलोमीटर पडले तर गाडी प्रत्यक्षात ३१३ चाललेली असते. तुमचं भाडं मीटरच्या किलोमीटरवर ठरलेलं असेल, समजा किलोमीटरला २० रुपये, तर प्रत्येक तीनशे किलोमीटरमागे २६० रुपये हातातून गेले. महिन्याला अशा वीस फेऱ्या केल्या तर ५,२०० रुपये. हप्त्याची चिंता असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही.

तिसरा, अ‍ॅव्हरेजचा गोंधळ. मोठ्या टायरने डिझेल थोडं जास्त लागतंच, पण मीटर किलोमीटर कमी दाखवत असल्याने अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षाही कमी पडल्यासारखं वाटतं. मग मिस्त्रीकडे चकरा सुरू होतात आणि नसलेल्या दोषावर खर्च होतो. ऑइल बदलण्याची वेळही मीटरवर बघून ठरवली, तर ती उशिराच येते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदांत जो तपशील आहे आणि कंपनीने जो मूळ तपशील दिला आहे, त्यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं की, कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत.

"टायरचा कागदांशी काय संबंध?" असं अनेकजण विचारतात. खाजगी कारपेक्षा मालवाहू गाडीची गोष्ट इथे वेगळी आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक एक्सलवर किती टायर, कोणत्या साइजचे आणि किती प्लाय रेटिंगचे, हा तपशील द्यावा लागतो. म्हणजे टायरचा साइज हा नोंदणीचाच भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली गेली. जास्त माल भरल्याचा दंड त्याच दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये झाला.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तिथे टायर बघितले जातात. काही लोक फिटनेसच्या दिवशी मित्राचे टायर लावून जातात आणि संध्याकाळी परत बदलतात. कागद मिळतो, पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीचे फोटो काढतो. गाडीत न कळवलेला बदल आढळला तर क्लेम अडकू शकतो. समोरच्या माणसाचा जीव गेला असेल, तर तो वाद वर्षानुवर्षं घराला पुरतो.

मोठ्या टायरऐवजी काय करता येईल?

आमचं मत स्पष्ट आहे. माल वाहणाऱ्या पिकअपला बहुतेक वेळा मोठ्या टायरची गरज नसते, चांगल्या टायरची असते.

वाटेत चिखल-दगड जास्त असतील तर त्याच साइजमध्ये खोल नक्षीचे टायर मागे टाका. ओल्या कच्च्या रस्त्यावर उंचीपेक्षा नक्षी जास्त कामाला येते.

गाडी मागे बसत असेल तर आधी पाटे तपासा. तुटलेला किंवा सरळ झालेला पाटा बदलला तर गाडी परत आपल्या मूळ उंचीवर येते. अनेकदा 'टायर लहान पडतात' ही तक्रार खरं तर थकलेल्या पाट्यांची असते.

हवा नियमित मोजा. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी किती हवा ते लिहिलेलं असतं. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी निघण्याआधी ती बघा. टायर दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही.

कंपनीनेच तुमच्या मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात थोडा मोठा साइज दिला असेल, तर सर्व्हिस सेंटरला विचारा की तो तुमच्या गाडीला, तुमच्या रिमवर चालेल का. उत्तर लेखी घ्या आणि आरटीओकडे नोंदीबद्दल विचारूनच पुढे जा.

आखाती देशांत राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेले वाळवंटातले व्हिडिओ बघून काही मुलं रुंद टायरच्या मागे लागतात. तिथली गोष्ट निराळी आहे. वाळूत टायर रुंद हवा आणि त्यातली हवा मुद्दाम बरीच कमी करतात, म्हणजे चाक वाळूवर पसरतं आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर परत येताना हवा पुन्हा भरतात. ती गाडी हौसेसाठी रिकामी फिरते. आपली गाडी आंब्याच्या पेट्या घेऊन घाट उतरते.

तरीही बदलायचेच असतील तर

कंपनी आणि आरटीओ दोन्हीकडून मार्ग मोकळा असेल आणि तुमची गरज खरी असेल, तर ही कामं या क्रमाने करा.

१. गाडी नेहमीसारखी भरून वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या एक्सलचं. त्याला दोनने भागा. नव्या टायरचा लोड इंडेक्स या वजनापेक्षा चांगला शे-दीडशे किलो वर असला पाहिजे. आणि एक्सलचं वजनच पासिंगपेक्षा जास्त निघालं, तर टायरचा विचार सोडा, माल कमी करा.

२. नव्या टायरची उंची वर सांगितल्याप्रमाणे काढा. मूळ उंचीपेक्षा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा. हा जाणकारांचा सर्वसाधारण नियम आहे. २२५/७५ यात बसतो, २३५/७५ बसत नाही.

३. रिमची रुंदी बघा. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचीच रिम चालते. ३१ बाय १०.५ ला सात ते नऊ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर ठोकून बसवला तर तो मध्ये फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणावर डगमगतो. रिम बाहेर काढण्यासाठी मध्ये स्पेसर घालू नका, त्याचा ताण थेट हबच्या बेअरिंगवर येतो.

४. एक टायर बसवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. मड फ्लॅप, पाटे, ब्रेकचा पाइप, कुठे घासतंय का? मग गाडी भरून हेच पुन्हा करा. रिकाम्या गाडीत दोन बोटं राहिलेली जागा भरल्यावर शिल्लक राहत नाही.

५. चारही टायर एकाच साइजचे घ्या, आणि स्टेपनीही. मागे डावा एक आणि उजवा दुसरा असे वेगळ्या उंचीचे टायर चालवले, तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. जुन्या साइजची स्टेपनी शंभर किलोमीटर लावून चालवणं म्हणजे तेच.

६. टायर घेताना त्यावर आयएसआयची खूण आहे का बघा. बाजूला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड टायर चकाकत असला तरी हा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर टाकू नका.

७. बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा. मग मोबाईलच्या जीपीएसवर वेग लावून मीटरशी ताळा करा. फरक किती ते कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. गाडी जो कोणी चालवेल, त्याला तो दिसला पाहिजे.

८. पहिले काही दिवस अर्धा माल घ्या. एखाद्या छोट्या उतारावर ब्रेक कसे लागतात ते बघा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

गॅरेज आणि पंक्चरवाल्या भावांसाठी

हा लेख वाचणाऱ्यांत गाडीमालक आहेत तसे टायरचं दुकान, गॅरेज, पंक्चरचं काम करणारेही पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक हट्ट करतं, समोरच्या दुकानात लगेच बसवून मिळतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी लोड इंडेक्स कमी असलेला टायर मालवाहू गाडीला बसवू नका. गिऱ्हाइकाला टायरवरचा आकडा दाखवा, किती किलो ते सांगा आणि मूळ टायरचा आकडा शेजारी ठेवा. बहुतेक लोक समजून घेतात. जो तरीही ऐकत नाही, त्याला ते काम नाही म्हणून सांगा. उस्तादाच्या शब्दावर विश्वास ठेवूनच माणूस गाडी घाटात घालतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलगा मोठ्या टायरचा विषय काढेल तेव्हा त्याला नुसतं "नको" म्हणू नका. त्याला गाडी घेऊन वजनकाट्यावर पाठवा, मागच्या एक्सलचं वजन आणायला सांगा आणि टायरवरचा आकडा त्याच्याकडूनच वाचून घ्या. गाडीत दुसऱ्याचा माल असतो, तो अमानत आहे. आणि गाडी चालवणारा आपलाच मुलगा असतो. हे दोन्ही रात्री सुखरूप पोहोचावेत यासाठी लागणारा हिसाब दहा मिनिटांचा आहे. तो दुकानात जाण्याआधी करा.